पुणे-पाचगणी: एक जण सायकलवर, बाकीचे गाडीत, आणि वीकेंड न बिघडवता

पुण्याहून पाचगणीला एकाने सायकल मारत जायचं आणि बाकीच्यांनी मागून गाडीने यायचं, हा प्लॅन ऐकायला इतका सोपा वाटतो की लोक तो शुक्रवारी रात्री जेवताना ठरवतात आणि शनिवारी दुपारी हॉटेलच्या दारात त्याच्यावरून भांडतात. आमच्याकडे कधी नवरा सायकलवर असतो आणि मी पोरांना घेऊन गाडीत, कधी उलटं, त्यामुळे दोन्हीकडची कटकट माहितीये. घाट चढवला नाही म्हणून वीकेंड वाया गेला असं फार क्वचित होतं. वाया जातो तो वेळा न जुळल्यामुळे. गाडी वाईत पोचलेली, सायकल अजून साताऱ्याकडच्या खंडाळ्यात, पोरं उपाशी, रूम बारानंतर मिळणार, आणि सायकलवाला फोन उचलत नाहीये.

खालचा क्रम शक्यतो मोडू नका. बहुतेक जण पाचव्या टप्प्यापासून सुरू करतात, म्हणजे सायकलचं सामान घेण्यापासून, आणि पहिले चार टप्पे रस्त्यात निस्तरतात.

१. तारीख

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी अखेर. त्याच्या आधी पाऊस, पसरणी घाटात धुकं, दरडीची माती रस्त्यावर. त्याच्या नंतर ऊन, आणि मार्चमध्ये अकरा वाजता पसरणीचा चढ घेणं म्हणजे स्वतःहून डोकं दुखवून घेणं.

या काळातही दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष आणि सलग तीन दिवस सुट्टी आलेला कुठलाही वीकेंड सोडा. अशा वेळी वाटेतल्या खंबाटकी घाटात गाड्या मुंगीसारख्या सरकतात, हॉटेलचे दर वाढलेले असतात, आणि पाचगणीच्या बाजारातून गाडी बाहेर काढण्यातच अर्धी संध्याकाळ जाते. साधासुधा कोरा वीकेंड बघा. पोरांची शनिवारची शाळा बुडवायची की नाही हे तुमचं तुम्ही बघा, मी काही बोलत नाही.

२. नक्की किती चालवायचं

स्वारगेटपासून पाचगणी साधारण शंभर किलोमीटर. वाटेत तीन चढ: कात्रजचा जुना घाट, खंबाटकी, आणि शेवटी पसरणी. खरी गोम शेवटच्या चढात आहे. वाईपासून पाचगणी बारा किलोमीटरच्या आसपास, तेवढ्यात साडेपाचशे-सहाशे मीटर वर चढायचंय, आणि ते पण पाय आधीच पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटर फिरून आल्यावर.

तीन पर्याय आहेत:

अ) पूर्ण, पुणे ते पाचगणी.
ब) सुरूर फाट्यापर्यंत, म्हणजे हायवेवरून वाईला वळायच्या जागेपर्यंत, सायकल गाडीवर टाकून न्यायची आणि तिथून पाचगणी. बावीस-पंचवीस किलोमीटर, हायवे अजिबात नाही.
क) फक्त वाई ते पाचगणी, म्हणजे नुसता पसरणी घाट.

पहिल्यांदा घरच्यांबरोबर करताय तर ब किंवा क करा. याच्यात कमीपणा काहीच नाही. सगळे एकत्र निघतात, एकत्र नाश्ता करतात, आणि तुमचा जो आवडता भाग आहे, घाट, तो तुम्हाला ताज्या पायांनी मिळतो. आपल्याकडे काय होतं, ज्यांनी दोनशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राईड) केलेली असते ते म्हणतात शंभरच तर आहे. अरे पण बीआरएमला साडेतेरा तास असतात आणि संपल्यावर घरी जाऊन आडवं व्हायचं असतं. इथे पोचल्यावर पोरांना घोड्यावर बसवायचंय.

*तपासणी:* पर्याय अ करणार असाल तर दोन-तीन आठवडे आधी एका रविवारी स्वारगेट-शिरवळ-स्वारगेट करून बघा. जवळजवळ शंभर किलोमीटर होतात आणि कात्रज दोन्ही बाजूंनी चढावा लागतो. परत येऊन अंघोळ, जेवण, आणि त्याच संध्याकाळी घरच्यांबरोबर कुठेतरी बाहेर जा, लग्नाचं रिसेप्शन, भाजी मंडई, काहीही. तिथे तुम्ही माणसात असाल तर पाचगणी जमेल. सोफ्यावरून उठवतच नसेल तर पर्याय ब.

चढाच्या सरावाला सिंहगड आहेच. सिंहगडाचा चढ पसरणीपेक्षा अंगावर येणारा आहे, त्यामुळे तो न थांबता जमायला लागला की पसरणीची भीती जाते. चाळिशी उलटलीये, बीपी-शुगर आहे, किंवा बऱ्याच वर्षांनी परत सुरू करताय तर आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, हे टाळू नका.

३. हॉटेलला फोन करून विचारायचे प्रश्न

ॲपवर बुकिंग करा हवं तर, पण नंतर हॉटेलला फोन करायचाच. विचारायचं काय:

– चेक-इन किती वाजता, आणि रूम रिकामी असेल तर लवकर द्याल का.
– गरम पाणी दिवसभर असतं की फक्त सकाळी.
– दुपारचं जेवण किती वाजेपर्यंत.
– सायकल रूममध्ये नेऊ द्याल का, नाहीतर कुलूप लावता येईल अशी जागा कुठली.

यातला गरम पाण्याचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. बऱ्याच छोट्या हॉटेलांत गरम पाणी सकाळी दोन-तीन तासच सोडतात. एका ठिकाणी डिसेंबरात दुपारी साडेबाराला घामेजलेल्या माणसाला बादलीभर गार पाणी मिळालं होतं आणि पुढचे दोन तास तो रजईत होता. आधी सांगितलं तर बहुतेक जण एक-दोन बादल्या तापवून देतात.

जागा शक्यतो पाचगणीतच घ्या, महाबळेश्वरात नको. महाबळेश्वर पुढे अजून एकोणीस-वीस किलोमीटर आहे आणि तो रस्ता वीकेंडला गाड्यांनी भरलेला असतो, दमलेल्या माणसाने तिथे सायकल चालवू नये.

४. सायकल परत कशी आणणार

रविवारी परत सायकलने यायचा विचार डोक्यातून काढा. उतार आहे, सोपं जाईल, असं वाटतं, पण रविवारची ट्रॅफिक, दुखरे पाय, आणि घरचे परत एकदा तुमची वाट बघत बसलेले. सायकल गाडीवर येणार. आता ती कशी येणार ते निघायच्या आधी ठरवायचं.

दोन माणसं असतील तर मागची सीट पाडून, दोन्ही चाकं काढून सायकल आत बसते, खाली जुनी चादर टाका. पण चार माणसं असतील तर आत जागा उरत नाही, मग डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा कॅरियर लागतो. तो विकत घ्या किंवा मित्राकडून आणा, पण आठवडाभर आधी घरी बसवून बघा. प्रत्येक गाडीच्या डिकीला तो नीट बसत नाही. स्पॉयलर असेल तर हूक कुठे अडकवायचे हा प्रश्न येतो, काचेच्या कडेला तर अजिबात अडकवू नका. बांधून झाल्यावर सायकल धरून जोरात हलवा, सायकलबरोबर गाडी हलली पाहिजे. सायकल एकटीच डुलत असेल तर पट्ट्या सैल आहेत. मग दहा-पंधरा किलोमीटर चालवून या आणि पट्ट्या परत ओढा, पहिल्या काही किलोमीटरमध्ये त्या सैल पडतातच.

*सावधान:* नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. पेडल बंपरला घासत असेल तर काढून ठेवा. डाव्या बाजूच्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून सुटतं. हे माहीत नसलेली माणसं तिथे पान्यावर उभी राहून आटे खराब करतात. पाना घरून न्यायला विसरू नका.

५. सायकलची तयारी

सगळ्यात आधी गिअर. पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी, यांचे दात मोजा. पुढे ३४ आणि मागे ३२ किंवा ३४ असेल तर बऱ्यापैकी सराव असलेला माणूस पसरणी बसल्याबसल्या चढतो. मागे २५-२८ च असेल तर गुडघे बोलायला लागतील, दुकानात जाऊन मोठी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसते का विचारा, सगळ्या डिरेलरना (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) मोठी कॅसेट चालत नाही म्हणून दुकानात दाखवूनच घ्या. एमटीबी (माउंटन बाइक) किंवा पुढे तीन चकत्यांची हायब्रिड असेल तर गिअरची काळजी नाही, फक्त हायवेवर हळू जाल, तेवढा वेळ हिशोबात धरा.

ब्रेक पॅड बघा, खंबाटकीचा उतार आहे. टायरमध्ये हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत. दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, पॅच, ॲलन की. आणि ट्यूब नुसती घेऊन उपयोग नाही, मागचं चाक काढून परत बसवता आलं पाहिजे, घरी दोनदा करून बघा, पहाटे अंधारात हायवेच्या कडेला शिकायची ही गोष्ट नाही. पुढचा दिवा रस्ता दिसेल असा, मागचा लाल दिवा शक्यतो दोन, आणि अंगात रिफ्लेक्टर जॅकेट. हेल्मेट तर आहेच.

नवीन काहीही नको. नवीन सीट, नवीन बूट, नवीन टायर, सगळं आधीच्या सरावात वापरून झालेलं पाहिजे.

६. शुक्रवार संध्याकाळ

सामान दोन भागांत. सायकलवाल्याची एक वेगळी छोटी बॅग करा: टॉवेल, कोरडे कपडे, चपला, स्वेटर, पावडर. ती डिकीत सगळ्यात वर, बाकीच्या बॅगांच्या खाली नाही. वाईत ही बॅग एका मिनिटात हाताशी आली पाहिजे.

गाडीत टाकी फुल, टायरची हवा, फास्टॅगमध्ये पैसे. जेवण आठ वाजता, वरण-भात, भाजी, पोळी, नेहमीचं. उद्या शंभर किलोमीटर आहेत म्हणून पावभाजी हाणायची नाही, बाहेरचं खाऊन पहाटे पोट बिघडलं की सगळंच संपलं.

मग एका कागदावर वेळा लिहा आणि फ्रिजवर लावा, एक फोटो दोघांच्या फोनमध्ये. पहाटे पाचला सुरुवात धरली तर साधारण असा:

५.०० स्वारगेट
६.०० कात्रजचा जुना बोगदा
७.४५ शिरवळ, वीस मिनिटं थांबा
९.२० खंबाटकीच्या वर
१०.३० वाई
१२.३० पाचगणी

हा ताशी वीसच्या आसपासचा, आरामाचा हिशोब आहे. तुमचा वेग कमी असेल तर निघायची वेळ अलीकडे घ्या, वाटेत भरून काढायच्या भरवशावर राहू नका.

आणि त्याच कागदावर खाली, दोघांच्या संमतीने, गाडीत बसायचे नियम: साडेअकरापर्यंत वाई आली नाही तर सायकल गाडीवर. दोन पंक्चर झाली तर गाडीवर. छातीत दुखलं, चक्कर आली, उन्हात हुडहुडी भरली, तर जिथे असाल तिथे थांबून फोन. हे आदल्या रात्रीच ठरवायचं, कारण सायकलवर नव्वद किलोमीटर झाल्यावर कोणीच शहाणपणाने बोलत नाही, "बस थोडंसंच राहिलंय" हेच वाक्य येतं.

७. सायकलवाल्याची सकाळ

स्वारगेट ते कात्रज रस्ता रिकामा असतो, पण कुत्री जागी असतात. मागे लागली तर जोर लावून पळवायच्या फंदात पडू नका, वेग कमी करा, मोठ्याने ओरडा, गरज पडली तर उतरून सायकल मधे धरा. शक्यतो जोडीने निघा, अंधारात जुना घाट एकट्याने नको. बायपासच्या नव्या बोगद्याच्या वाटेला जाऊ नका, जुना घाट चढ असला तरी तोच बरा. जुन्या बोगद्यात शिरायच्या आधी दोन्ही दिवे चालू आहेत ना बघा. पलीकडे शिंदेवाडीकडे उतार आहे आणि खाली हायवे मिळतो, तिथे मागून येणाऱ्या ट्रकचा वेग तुमच्या अंदाजापेक्षा जास्त असतो, थांबून, मागे बघून मगच आत शिरा.

पुढे खेड शिवापूर, चेलाडी, कापूरहोळ, सारोळ्याला नीरेचा पूल, मग शिरवळ. डावीकडच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर चालवत राहा. उड्डाणपुलांवर ही पट्टी अरुंद होते म्हणून तिथे खालचा सर्व्हिस रोड घ्यावा असं माझं मत, पण सर्व्हिस रोडवर दुचाक्या बिनधास्त उलट्या येतात आणि स्पीडब्रेकर रंगवलेले नसतात, त्यामुळे तिथे घाई नको. हेडफोन दोन्ही कानांत घालून हायवेवर कोणी दिसलं की मला थांबवून झापावंसं वाटतं.

खाणं: भूक लागायची वाट बघायची नाही. दर पाऊण तासाला काहीतरी पोटात. ताशी तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं हे सर्वसाधारण माप आहे, एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळी किंवा एक केळं आणि एक राजगिऱ्याचा लाडू. गुळपोळीचे तुकडे फॉइलमध्ये गुंडाळून मागच्या खिशात ठेवा. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, एका बाटलीत साधं, दुसरीत ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अर्धंच पाकीट टाका, अख्खं ओतलं तर पोट ढवळतं. आणि नुसतंच साधं पाणी ढोसत राहणं पण बरं नाही, घामातून मीठ जातं ते परत आलं पाहिजे.

शिरवळला पोहे-चहा-इडली काय ते घ्या. मिसळ नको. तिखट तर्री पोटात घेऊन खंबाटकी चढणारे लोक बघितलेत, बघवत नाही.

खंबाटकी: पुण्याहून जाताना घाट चढायचा असतो आणि तिथे वाहतूक एकाच दिशेने असते, समोरून कोणी येत नाही. ट्रक रांगेत गुरगुरत चढत असतात, त्यांच्या डावीकडच्या फटीतून पुढे जायचा मोह होतो, तो आवरा. चढावर ट्रक गिअर बदलताना मागे घसरतो आणि वळणावर डावीकडे दाबतो. या भागात रस्त्याची कामं निघत असतात, त्यामुळे आदल्या आठवड्यात रस्ता कुठून वळवलाय का ते बघून ठेवा. वर पोचल्यावर दोन मिनिटं थांबा, जॅकेटची चेन लावा, ब्रेक दाबून बघा. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका, वळणाच्या आधी दाबा, वळणात सोडा.

सुरूर फाटा: उजवीकडे वाईला वळायचंय. हायवेच्या मधल्या डिव्हायडरपाशी सायकल उभी करून गाड्या थांबायची वाट बघणं ही या अख्ख्या मार्गावरची सगळ्यात धोकादायक चूक आहे. डावीकडेच राहा, हायवे सोडून सर्व्हिस रोडला उतरा आणि फाट्यावरून वळा.

*तपासणी:* खेड शिवापूर, शिरवळ, सुरूर, तीन ठिकाणी थांबून तीन मेसेज. "शिरवळ ७.५०, ठीक" एवढाच. व्हॉट्सॲपचं लाईव्ह लोकेशन आठ तासांसाठी लावता येतं, ते लावाच, पण घाटात नेटवर्क जातं आणि टिंब एका जागी अडकून बसतं, मग घरचे घाबरतात. म्हणून मेसेज हवेतच.

८. गाडीवाल्यांची सकाळ

इथली मुख्य चूक म्हणजे सायकलबरोबरच निघणं. मागे मागे दिवे लावून वीसच्या वेगाने गाडी चालवायची नाही. मागच्या ट्रकवाल्याला कळत नाही तुम्ही हळू का आहात, पोरं कंटाळतात, आणि सायकलवाल्यावर दडपण येतं ते वेगळंच. गाडी निघणार आठच्या सुमाराला. निवांत उठा, घरी खा, तोवर शिरवळचा मेसेज येईल. मेसेज उशिरा आला तर तुम्हीही तेवढेच उशिरा निघा, हाच तर त्या मेसेजचा उपयोग.

रस्त्यात सायकल दिसली तर हॉर्न मारून शेजारून गाडी चालवत गप्पा मारू नका. पुढे जा, सुरक्षित जागा बघून थांबा, पोरांना रस्त्याच्या बाजूने नाही तर आतल्या दाराने उतरवा, हात हलवा, बास.

सायकलवाल्याला फोन करायचा नाही. काही तातडीचं असेल तर मेसेज टाका, तो थांबेल तेव्हा बघेल. दोघांच्याही फोनमध्ये ११२ आणि हायवेसाठी १०३३ सेव्ह असू द्या.

गाडी सव्वादहा-साडेदहाला वाईत. आधी पोचलात तर गणपती घाटावर ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या, नदीकाठी पोरांना पाय मोकळे करू द्या.

९. वाईचा थांबा

भेटायची एकच जागा ठरवा आणि ती नावानिशी ठरवा. "वाईत भेटू" हे काही ठिकाण झालं नाही, बाजारात एकमेकांना शोधण्यात वीस मिनिटं सहज जातात. मी गणपती घाटाजवळची पार्किंगची जागा सांगते, तुमची तुम्ही ठरवा.

इथे क्रम महत्त्वाचा. सायकल टेकवली की आधी पाणी आणि खाणं, मग बाटल्या भरणं, मग गप्पा-फोटो. जर्सी ओली असेल तर बदला. हायवेचं सामान, जास्तीचं जॅकेट, मोठा पंप, काय जड असेल ते गाडीत टाका, एक ट्यूब आणि छोटा पंप ठेवा. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. अर्ध्या तासाच्या वर बसलात की पाय धरतात आणि घाटाचा पहिला किलोमीटर नको नको होतो.

*सावधान:* आता प्रामाणिकपणे बघायचं. सायकलवाला नीट बोलतोय का? खातोय का? "नको, इच्छा नाही" म्हणत खाणं ढकलत असेल, गप्प गप्प असेल, तर कागदावरचा नियम लक्षात आणून द्या. हे काम गाडीतल्या माणसाचं.

मग सायकल घाटाकडे आणि गाडीला तासभर मोकळा. मेणवली वाईपासून अगदी जवळ आहे, नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट बघून आरामात परत येता येतं. लगेच मागोमाग घाटात गेलात तर वर जाऊन वाट बघत बसावं लागेल.

पोरांना गाडी लागत असेल तर घाटाच्या आधी तळकट देऊ नका, वळणांवर मोबाईल बघू देऊ नका, आणि औषध डॉक्टरांनी सांगितलेलं असेल तर ते घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, म्हणजे वाईतच. पहिलं वळण आल्यावर दिलेली गोळी गोळीसकट बाहेर येते. पिशव्या मागच्या सीटच्या खिशात, डिकीत नाही.

१०. पसरणी घाट

पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू. वाईत खाऊन ताजंतवानं वाटत असतं, लोक इथे जोर लावतात आणि मधल्या टप्प्यात सायकल ढकलत चालतात. बोलता येईल एवढाच दम लागू द्या. सगळ्यात हलका गिअर आधीच टाका, चढ कडक झाल्यावर ताकद लावून बदलायला गेलात की चेन कुरकुरते किंवा पडते. ताशी सात-आठचा वेग दिसला तरी तो बरोबर आहे, दीड तासात वर पोचता.

वळणावर आतल्या कडेला चढ जास्त उभा असतो, थोडं बाहेरून घेतलं तर सोपं जातं, पण मागे बघितल्याशिवाय बाहेर सरकू नका. उतरणाऱ्या गाड्या वळण कापत तुमच्या बाजूला येतात हे गृहीतच धरा. रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून पण चालवू नका, हातभर आत राहा, म्हणजे ओव्हरटेक करणारा नीट वळसा घालून जातो. थांबायचं तर सरळ भागात, कठड्याच्या आत, वळणावर कधीच नाही.

माकडं आहेत. जिथे लोक गाड्या थांबवून त्यांना खायला घालतात तिथे केळं बाहेर काढायचं नाही. मागच्या खिशातून डोकावणारं केळंसुद्धा त्यांना दिसतं.

गाडी मधे कुठेतरी तुम्हाला गाठेल. एकदाच थांबून पाणी द्या आणि वर जा, चेक-इन करा, जेवण सांगून ठेवा, गरम पाण्याची आठवण करा. प्रत्येक वळणावर थांबून व्हिडिओ काढत बसणारे गाडीवाले घाटात स्वतःच अडथळा होतात.

वर दांडेघर आलं की चढ संपल्यात जमा. इथून पुढे गाड्यांची गर्दी, डावीकडे राहा, पोचलो पोचलो म्हणून लक्ष ढिलं सोडू नका.

११. पोचल्यावर

लगेच आडवं व्हायचं नाही. दहा मिनिटं चाला, पाणी प्या, अर्ध्या तासात काहीतरी खा, ताक-केळं चालेल, मग अंघोळ, मग व्यवस्थित वरण-भाताचं जेवण. त्यानंतर झोप, पण एकच तास आणि गजर लावून. ही झोप सहापर्यंत लांबली की घरच्यांचा अख्खा शनिवार गेला, आणि पुढच्या वेळी परवानगी मागताना हाच शनिवार काढला जातो.

साडेचारला टेबललँड. सपाट आहे, पायांना त्रास नाही, उलट चालून बरंच वाटतं. पोरांना घोडा हवा असेल तर दर आणि किती लांब नेणार ते आधी बोलून घ्या. स्वेटर न्या, सूर्य कलला की वारा झोंबतो, आणि दिवसभर घाम गेलेल्या माणसाला थंडी लवकर वाजते.

१२. रविवार

रविवार घरच्यांचा, यात सायकलचा विषय नको. आणि सगळं बघायचं नाही. वेण्णा लेक, आर्थर सीट, प्रतापगड, मॅप्रो, सगळं एका दिवसात करणारे लोक सगळा दिवस गाडीत बसतात. एकच दिशा निवडा. पुस्तकं आवडणारी पोरं असतील तर भिलार, पुस्तकांचं गाव, पाचगणीच्या जवळच आहे आणि घराघरांत बसून वाचता येतं. नाहीतर सकाळी लवकर वेण्णा लेक, बोटीची रांग वाढायच्या आत, आणि येताना गुरेघरला मॅप्रोत थांबा. स्ट्रॉबेरी साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत, घेतलीत तर डबा पायाशी सावलीत ठेवा, डिकीत कॅरियरच्या पट्ट्यांखाली दाबून नाही.

सायकल चेक-आऊटच्या आधी बांधून ठेवा, पोरं गाडीत बसल्यावर पट्ट्या ओढत बसू नका. जेवून दीड-दोनला पाचगणी सोडा. चारनंतर निघालात तर खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल आणि कात्रज, तिन्ही ठिकाणी रांगेत उभं राहाल. पसरणी उतरून वाईत पोचलात की गाडी बाजूला घ्या, खाली उतरा, आणि कॅरियरची प्रत्येक पट्टी हाताने परत ओढून बघा, घाटातल्या वळणांनी एखादी सैल झालेली असतेच.